रागाचा चातुर्मास

रागावण्याआधी इंदूकाकी खिडकी उघडत. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या आमच्या गल्लीत त्यांचे घर आमच्या घराला भिंतीला भिंत लावून उभे होते आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जुनी पितळी कडी होती. सकाळी ती कडी चौकटीवर आपटली की दूधवाला सायकल भिंतीला टेकवी, समोरच्या ओट्यावर झाडणारी मुलगी झाडू हातात धरून तशीच उभी राही, आणि माझ्या सासूबाई चहाचा कप बशीत ठेवून शांतपणे म्हणत, "उघडली." त्यानंतर क्षणभर काहीच ऐकू येत नसे. तेवढा वेळ काकींना श्वास भरून घ्यायला लागे. मग तो आवाज येई. रुंद, खरखरीत, काशाच्या परातीत उंचावरून धान्य ओतावे तसा. सुरुवात उतू गेलेल्या दुधापासून होई, तिथून तो नगरपालिकेच्या नळावर जाई, नळावरून दिवंगत सासऱ्यांच्या हट्टी स्वभावावर, आणि शेवटी कुठल्या तरी क्षुल्लक गोष्टीवर, चमचा किंवा चप्पल यांसारख्या, येऊन विझे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एकदा धीर करून त्यांना विचारले होते, "काकी, लोक रागावताना खिडक्या लावतात. तुम्ही उघडता का?"

"दारं-खिडक्या लावून केलेला राग भिंतींना लागतो गं," त्या म्हणाल्या. "मग कितीही चुना मार, ओल जात नाही. आणि लपवायचं काय त्यात? गुस्सा आहे, सोनं थोडंच आहे तिजोरीत ठेवायला!"

मी जयेंद्रगंजात वाढले. माधवगंजापासून ते फार दूर नाही, पण आमच्या माहेरी रागाला आवाज नव्हता. वडील रागावले की त्यांचे अक्षर अधिक सुवाच्य होई. आई रागावली की भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवली जात. इतकी हळू की फळीवर वाटी टेकल्याचाही नाद होऊ नये. त्या नीरवतेत आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहून ओळखत असू की आज कोणीतरी फार दुखावले आहे. कोण, आणि कशाने, हे मात्र पुष्कळदा कळतच नसे. असल्या घरातून आलेल्या मुलीला इंदूकाकींचा राग परक्या देशातल्या सणासारखा वाटला, तर नवल नव्हते. मी तो दुरून ऐकत असे.

काकी उंच होत्या, खांद्यांना रुंद. सासरचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले होते आणि फौजा संपल्यावर जे हाती लागेल ते करीत गेले. काकींच्या यजमानांनी दाल बाज़ारात डाळींची पेढी मांडली. ते गेल्यावर, लेक शाळेत असतानाच, काकी त्या गादीवर बसल्या आणि पुढे उठल्याच नाहीत. मी अनेकदा त्यांच्या दुकानी गेले आहे. आत शिरताच तागाच्या पोत्यांचा कोरडा, किंचित तेलकट वास येई. उन्हाच्या तिरिपीत तुरीचा पिवळा धुरळा तरंगत असे. पोती वाहणारे पल्लेदार घामाने आणि त्या धुरळ्याने हळदीच्या अंगाचे दिसत. नवा माल आला की काकी बाही सारून कोपरापर्यंत हात पोत्यात घालीत आणि डोळे मिटून दाण्यांशी काहीतरी पुटपुटत. आत खोल कुठेतरी दमटपणा असला तर तो त्यांच्या बोटांना कळे. मग डोळे उघडत, आणि गाडीवाल्याची धडगत नसे.

"डाळ असो की राग," त्या मला सांगत, "ऊन दाखवून मोकळं व्हायचं. दाबून ठेवलं की आतून कीड लागते. वरून बघशील तर दाणा कसा चकचकीत!" मग माझ्याकडे निरखून, "तुझं तोंड बघ. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवल्यासारखं झालंय. काय झालं?"

"काही नाही, काकी."

"हे तुमचं जयेंद्रगंजवाल्यांचं 'काही नाही'! पोटात जाऊन बसतं ते. मी सांगून ठेवते."

दुकानातला सर्वांत जुना माणूस रामस्वरूप. त्याने काकींच्या यजमानांच्या काळापासून इथे पोती वाहिली होती आणि रोज किमान एकदा तरी शिव्यांचा प्रसाद घेतला होता. त्याला त्याचे काही वाटत नसे. "काकीजी का गुस्सा लोटे का पानी है, बहूजी," तो मला म्हणाला होता, "गिरा, और सूख गया." आणि खरोखरच, त्याच्यावर बरसून झाल्यावर घटका न जाता काकी हाक मारीत, "रामस्वरूप, चाय पी तूने?" राग येई तितक्याच वेगाने जाई, आणि गेल्यावर त्याचा मागमूस त्यांच्या मनात राहत नसे. याचा त्यांना अभिमान होता. आपल्या मनात उरला नाही म्हणजे तो जगातच उरला नाही, असे त्या धरून चालत.

मंजिरी त्यांची एकुलती एक लेक. तिने आईचे खांदे घेतले, आवाज घेतला नाही. शिकून ती दिल्लीकडे नोकरीला गेली, तिथल्याच एका हिंदीभाषक मुलाशी तिने लग्न केले, आणि त्यांना मुलगी झाली. बारशाला काकी नोएडाला गेल्या. स्वतःच्या लग्नातल्या मऊ झालेल्या शालूची कुंची त्यांनी नातीसाठी हातांनी शिवली होती. पाळण्याशी आल्या तेव्हा बाळाच्या अंगात सासरहून आलेला चमचमणारा फ्रॉक होता आणि कुंची कपाटात. भरल्या बैठकीत, एसी चालू असताना, काकींनी जाऊन अकराव्या मजल्यावरची खिडकी उघडली. बाहेरचा उन्हाळा आत आला, आणि मागोमाग त्यांचा आवाज. मंजिरीला त्या काय काय बोलल्या ते त्यांना स्वतःला नंतर आठवेना. व्याह्यांना मराठी कळत नव्हते, पण खिडकी कळली होती.

"आणि त्याच संध्याकाळी मी तिच्या केसांना तेल लावून दिलं!" काकी पुढे कितीदा तरी मला सांगत. "माझ्या मनात तर काहीच नव्हतं. डिंकाचे लाडू करून ठेवले, फ्रीज भरून दिला. मग ही पोरगी येत का नाही?"

मंजिरी येईनाशी झाली होती. भांडण झाले नाही; कामे निघाली. दिवाळीला ऑफिसात रजा नसे, उन्हाळ्यात मुलीला ग्वाल्हेरचे ऊन सोसायचे नाही. फोन रविवारी येई, सौम्य आणि आखूड. आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. काकी फोन ठेवल्यावर काळ्या पडद्याकडे पाहत राहत. "बघ कशी बोलते," त्या म्हणत. "जशी बँकेतून बोलून राहिली आहे."

एका ज्येष्ठातल्या रविवारी मी त्यांच्याकडे बसले असताना असाच फोन आला. या वेळी चेहऱ्यासकट. नात, ओवी, आता चांगली बोलू लागली होती. तिला पाहताच काकींचा आवाज हर्षाने जो चढला तो नेहमीच्याच उंचीला गेला, "अगं माझी बाहुली!" पडद्यावरचे ते चिमुकले तोंड एकदम बाजूला झाले. मग आईच्या दंडामागून दोन डोळे दिसले. "मम्मा," ओवी हळूच म्हणाली, "नानी चिल्लाएँगी?"

मंजिरीने काहीतरी सावरून घेतले. चेहरा तिचा ओढलेला दिसत होता, पण तेव्हा आम्ही दोघी त्या मुलीच्या डोळ्यांकडेच पाहत होतो. फोन बंद झाल्यावर काकींनी तो मांडीवर पालथा ठेवला. "मी त्या पोरीशी कधी मोठ्यानं बोललेसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "तिला माझी भीती कुठून मिळाली? मी तर सगळा राग बाहेर टाकत आले. मग तो गेला कुठे?"

तो प्रश्न घेऊन मी घरी आले.

आषाढी एकादशीला आमच्या विठ्ठल मंदिरात बायका चातुर्मासाचा नेम बोलतात. चार महिने आवडीची एखादी गोष्ट सोडायची आणि कार्तिकीला देवासमोर नेम सोडवायचा. त्या दिवशी गाभाऱ्यात तुळशीचा आणि ओल्या फरशीचा थंड वास होता. एकीने वांगे सोडले, एकीने चहातली साखर, एका तरुण सुनेने लाजत लाजत रात्रीची मालिका. इंदूकाकींची पाळी आली. त्यांनी पाणी हातावर घेतले आणि स्पष्ट म्हणाल्या, "मी राग सोडला."

आधी कोणी हसले नाही, मग सगळ्याच हसल्या. "सोडणार कुठे, काकी? दाल बाज़ारात?" मागून कोणीतरी विचारले. गुरुजीही चपापले. "काकी, नेम चार महिन्यांचा असतो बरं."

"पंचांग मला येतं वाचता. तुम्ही पाणी सोडा."

ही चूक आमच्याच लोकांनी करावी अशी होती. कांदा ताटात वाढला नाही की नेम पाळला जातो. राग कोणी वाढत नाही, तो आत शिजतो. पण काकींनी तो कांद्यासारखाच वर्ज्य केला, तितक्याच निष्ठेने. चुकून आवाज चढला तर एक वेळचे जेवण सोडायचे, असे प्रायश्चित्तही त्यांनी मनाशी ठरवले होते. मंजिरीला यातले काही सांगायचे नव्हते. "नेम देवाशी असतो," त्या मला बजावून म्हणाल्या. "तिला सांगितलं तर तिच्यावर उपकार केल्यासारखं होईल. तिला मी एवढंच म्हणीन, दिवाळीला ये, मी काही बोलणार नाही."

श्रावणात आमची गल्ली अनोळखी झाली. कडी पडेना. त्या जागी मला आजवर न ऐकलेले आवाज ऐकू येऊ लागले: पिंपळावरचे पोपट, दूरच्या देवळातली घंटा, कुणाच्या तरी घरातली पोळी तव्यावर टाकल्याची चुरचुर. सासूबाईंचा चहा सकाळी हातातच निवू लागला. कप खाली ठेवायची वेळच येत नव्हती. दूधवाल्याचे दूध पातळ झाले. काकी पातेल्यात पाहत आणि म्हणत, "राहू दे."

दुकानात मात्र घबराट होती. रामस्वरूपने एक पोते पायरीवर फोडले आणि मसूर रस्त्यापर्यंत सांडली; लाल दाणे नालीच्या कडेने ओघळत गेले. काकींच्या जबड्याचा स्नायू हलला. त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं, रामस्वरूपजी. समेट लीजिए." संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला, टोपी हातात. "बहूजी, हमसे क्या गलती हो गई? काकीजी ने आज हमें 'जी' कहा है. निकालने वाली हैं क्या?"

मी त्याला नेमाचे सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. "भगवान को और कुछ नहीं मिला लेने को?" तो पुटपुटला.

मी काकींना पाहत होते. राग येणे थांबले नव्हते. तो येई, मानेपर्यंत चढे, आणि तिथे त्या त्याला पाण्याबरोबर गिळीत. तेव्हा दिसणारा घसा मला आठवतो. जी गोष्ट मी अपेक्षिली नव्हती ती वेगळीच होती. त्यांचे हसणेही कमी झाले. पूर्वी त्या दुकानभर हसत, पल्लेदारांच्या पोरांच्या लग्नाची थट्टा करीत, भाव पाडून मागणाऱ्याला नाव ठेवून मग त्यालाच चिमूटभर डाळ जास्त घालीत. आता त्या सर्वांशी सारख्याच मऊपणाने बोलत. जणू राग आणि हसू दोन्ही एकाच कोठीतून निघत असत आणि त्यांनी कोठीलाच कुलूप लावले होते. जयेंद्रगंजात वाढलेल्या मला ते कुलूप ओळखीचे होते.

मंजिरी दिवाळीला आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे काकींनी ओवीला हळूहळू उटणे लावले. मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, पुढे काय होते ते पाहण्यासाठी. काहीच झाले नाही. मंजिरीने गीझर रात्रभर चालू ठेवला, काकी म्हणाल्या, "असू दे." चकलीचा घाणा करपला, "असू दे." जावई येऊ शकले नव्हते, त्यावरही, "कामं असतात. असू दे." ओवी हळूहळू आजीजवळ सरकू लागली. मंजिरी मात्र खोलीतून खोलीत जाताना अधिकाधिक आखडत होती. मला वाटले, सवय नसेल.

पाडव्याच्या सकाळी मी फराळाचे ताट घेऊन गेले तेव्हा मायलेकी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. बाजारात मटार नुकताच आला होता. कोवळ्या शेंगांचा हिरवा, गोडसर वास खोलीत भरला होता. ओवी सालींची नाव करीत होती. मला बसायला सांगून मंजिरी, जणू शेंगांशीच बोलावे तशी म्हणाली, "आई, उन्हाळ्यात माझं ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती. काढली. रिपोर्ट चांगला आला, डरने की कोई बात नहीं."

काकींच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. त्यांचा घसा हलला. "अच्छा," त्या म्हणाल्या. "आता बरं आहे ना?"

"बरं आहे."

"मग झालं." आणि त्यांनी शेंग सोलली.

मंजिरीने मान वर केली. "एवढंच?"

काकींनी पुढची शेंग उचलली.

"मी तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं तू चिल्लाशील. हॉस्पिटल में, सबके सामने. मला ते झेपलं नसतं. आणि आता..." तिचा आवाज फाटला. "आता तू माझ्याशी अशी बोलतेयस जशी मी कोई किरायेदार हूँ! तीन दिवस झाले. असू दे, राहू दे. मला वाटलं होतं रागावशील, मग मी पण बोलेन, मग होऊन जाईल एकदाचं. तू तर अबोलाच धरलास. आई, तुला काही वाटतं तरी का गं?"

"मला नेम आहे," काकी म्हणाल्या.

"कसला नेम?"

काकी उठल्या. मांडीवरचे मटार फरशीवर सांडले आणि उड्या मारत कपाटाखाली गेले. खिडकीकडे त्या वळल्यासुद्धा नाहीत. "एकटी गेलीस?" त्या म्हणाल्या, आणि मग तो चार महिन्यांचा आवाज आला, "एकटी गेलीस त्या टेबलावर? मी मेले होते का? अगं मूर्ख पोरी, अंगावर सुरी चालवून घेतलीस आणि आईला फोन नाही? तुझ्या नवऱ्याला बोटं नाहीत? आणि मी! मी इथं बसून लोकांना चवळी विकतेय! देवाला पाणी सोडतेय! माझ्या लेकीला कापतायत आणि मी भाव सांगतेय!"

ओवी पळून फ्रीजच्या आडोशाला गेली. मी तिला घ्यायला वाकले. काकींचा आवाज मध्येच तुटत होता, शब्द पुरत नव्हते, त्या तेच तेच पुन्हा बोलत होत्या. मंजिरी दोन्ही हातांनी तोंड धरून बसली होती. तिचे खांदे गदगदत होते आणि ती हसत होती की रडत होती ते मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

"मम्मा," ओवीने आडोशातून विचारले, "नानी आप पर गुस्सा हैं?"

"हाँ बेटा. बहुत."

"तो आप हँस क्यों रही हो?"

काकी खाली बसल्या आणि लेकीच्या ब्लाउजवरून, जिथे व्रण असेल असे त्यांना वाटले तिथे, हात फिरवू लागल्या. तो चुकीच्या बाजूला होता. मंजिरीने त्यांचा हात उचलून योग्य जागी ठेवला.

ही कथा असती तर मी इथे थांबले असते. पण नेम मोडला होता आणि साचलेले पुष्कळ होते. त्यानंतर दिवसभर ती कडी वाजत राहिली: गीझर, चकली, जावई, दूध. भाऊबीजेच्या सकाळी मी आमच्या गच्चीवर रजया उन्हात टाकत होते. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडे काकींनी चादरीवर उडदाची डाळ वाळत घातली होती आणि मंजिरीने धुतलेली जीन्स नेमकी डाळीवरच्या दोरीवर टाकली. पाणी टपटपत डाळीवर पडले. काकी जिन्यातून वर आल्या. डाळीपासून सुरुवात झाली, आणि वाहत वाहत ते कुठच्या कुठे गेले. "हाताला वळण म्हणून नाही तुझ्या! बापानं लाडावून ठेवली, बिघडली ती बिघडलीच. ते असते तर त्यांना तरी बघवलं असतं का हे?"

मंजिरीने जीन्स काढून घेतली. तिचा चेहरा मी पाहिला. काहीही झाले नाही असा, सुबक. माझी आई वाटी फळीवर ठेवताना असाच दिसे.

काकींचे विझले होते. "चल," त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "गरम पोहे करते," आणि जिन्याकडे वळल्या. दारापर्यंत गेल्या. तिथे त्या थांबल्या, चौकटीला हात लावून, पाठमोऱ्या. काय आठवले असेल मला ठाऊक नाही. परत फिरून त्या लेकीसमोर आल्या आणि ज्या आवाजात त्या पोत्यातल्या दाण्यांशी पुटपुटत, त्या हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "लागलं का?"

"काय?"

"मी आत्ता बोलले ते. लागलं का तुला?"

मंजिरीने ओठ मिटले. आमच्या घराण्यांत आणि गल्ल्यांत या प्रश्नाचे एकच उत्तर असते, आणि ते तिच्या ओठांवर आलेले मला दिसले. पण ती म्हणाली, "हो."

"अच्छा." काकी पाण्याच्या टाकीजवळच्या चौथऱ्यावर बसल्या. "कुठलं?"

"बाबांचं."

"हं. आणखी?"

"बारशाचं."

"पण त्या दिवशी तर संध्याकाळी मी तुझ्या केसांना..." काकींनी स्वतःला थांबवले. ते वाक्य गिळताना त्यांना नेमातल्या कोणत्याही घोटापेक्षा अधिक कष्ट पडले. "सांग," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."

मंजिरी बोलू लागली. आधी उभ्याने, मग आईच्या शेजारी बसून, मराठीत, मग हिंदीत, मग पुन्हा मराठीत. काकी दोन बोटांत उडदाचा एक दाणा फिरवत होत्या आणि त्यांचा जबडा हलत होता, पण तोंडातून शब्द आला नाही. मी रजया तशाच टाकून खाली उतरले.

कार्तिकीला देवळात त्यांना बायकांनी घेरले. "काकी, नेम?"

"मोडला. देवाला सांगितलंय सगळं. पुढच्या वर्षी वांगं सोडेन, ते आपल्याला जमतं."

त्या बदलल्या असे मी म्हणणार नाही. राग होता तसाच राहिला, आवाजही. फक्त त्याच्या शेवटाला आता तो एक प्रश्न येऊ लागला, आणि तो फार जणांना अवघड गेला. रामस्वरूपला त्यांनी प्रथम विचारले तेव्हा तो लाजून म्हणाला, "नहीं काकीजी, हमें काहे का लगेगा." त्यावर त्या पुन्हा भडकल्या, "झूठ मत बोल! लगा कि नहीं?" बऱ्याच वेळाने, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत, तो म्हणाला की एकदा लागले होते, त्याच्या मुलाबद्दल बोलल्या होत्या तेव्हा, फार वर्षांपूर्वी. काकींना ते आठवतही नव्हते. त्या दिवशी दोघांचाही चहा निवून गेला. मंजिरी होळीला आली, उन्हाळ्यात आली. एकदा भांडून ठरल्याआधीच्या गाडीने निघूनही गेली आणि आग्रा येण्याआधी तिचा फोन आला. ओवी आजीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायला शिकली.

गेल्या माघात, थोड्याशा आजारपणात, इंदूकाकी गेल्या. मंजिरी तेव्हा जवळ होती. दिवसांच्या काळात घरी बायका येत, सतरंजीवर भिंतीला टेकून बसत. उदबत्तीच्या वासात डाळीचा वास अजून होता. गेलेल्या माणसाबद्दल जसे बोलायचे असते तसे त्या बोलत होत्या. त्यांतल्या एक वयस्कर बाई मंजिरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जिभेनं तिखट होती गं, पण पोटात काही नव्हतं तिच्या. तुला काय सांगायचं? तुला थोडंच लागत असेल!"

मंजिरीने पदराने नाक पुसले. "लागायचं, मावशी," ती म्हणाली. "खूप लागायचं. मी सांगितलं होतं तिला." आणि थोडे थांबून, जणू हे त्या बाईंना नीट कळायला हवे, म्हणाली, "तिनं विचारलं होतं."